लँग्स्टन ह्यूज : जीवन, वाङ्मय आणि वाद

विसाव्या शतकातील कृष्णवर्णीय अमेरिकन साहित्याचा विचार लँग्स्टन ह्यूज (१९०१–१९६७) ह्याला वगळून करता येत नाही. कविता, नाटक, कादंबरी, कथा, आत्मचरित्र, वृत्तपत्रीय स्तंभ, संगीतिकांची पदे, बालवाङ्मय, अनुवाद अशा बहुतेक सर्व प्रकारांत त्याने चाळीसहून अधिक वर्षे सातत्याने लेखन केले आणि केवळ लेखणीवर उपजीविका करणाऱ्या आरंभीच्या कृष्णवर्णीय अमेरिकन लेखकांत त्याची गणना होऊ लागली. आज त्याची कविता अमेरिकेतील शालेय पाठ्यपुस्तकांत आहे. परंतु हयातीत ह्या कवीवर तीन वेळा, तीन निरनिराळ्या बाजूंनी, गंभीर आरोप झाले. १९२७ साली त्याच्याच समाजातील सुशिक्षितांनी तो समाजाची अब्रू चव्हाट्यावर मांडतो असे म्हटले. १९४० ते १९५३ ह्या काळात धर्ममार्तंडांनी आणि राज्यकर्त्यांनी त्याला धर्मद्रोही व राष्ट्रद्रोही ठरविण्याचा प्रयत्न केला. आयुष्याच्या उत्तरार्धात तर त्याने आपले बंड सोयीसाठी मागे घेतले, असा आक्षेप डाव्या वर्तुळातून आणि नंतरच्या अभ्यासकांकडून आला. हे तिन्ही आरोप परस्परांशी विसंगत आहेत; मात्र त्यांचे मूळ एकाच निर्णयात आहे. सामान्य कृष्णवर्णीय माणसासाठी, त्याच्याच भाषेत लिहायचे आणि त्याच लेखनावर जगायचे, हा तो निर्णय होय.

ह्यूजचा जन्म मिसूरी राज्यातील जॉप्लिन ह्या गावी १ फेब्रुवारी रोजी झाला. जन्मवर्ष तो स्वतः १९०२ असे सांगत असे आणि संदर्भग्रंथांनीही तेच स्वीकारले होते. २०१८ साली समकालीन वृत्तपत्रांतील नोंदी उजेडात आल्यावर ते १९०१ असावे असे दिसून आले. वडील जेम्स ह्यूज वर्णभेदाला कंटाळून मेक्सिकोत गेले आणि तेथे संपन्न झाले. आई कॅरी नोकरीच्या शोधात गावोगाव फिरत राहिली. मुलाचे बालपण कॅन्सस राज्यातील लॉरेन्स येथे आजी मेरी लँग्स्टन हिच्याजवळ गेले. आजीचा पहिला पती लुईस शेरिडन लिअरी हा १८५९ साली जॉन ब्राउनच्या नेतृत्वाखाली हार्पर्स फेरी येथील शस्त्रागारावर झालेल्या हल्ल्यात मारला गेला होता. गोळ्यांनी छिद्रे पडलेली त्याची शाल आजीने जपून ठेवली होती, आणि ती पांघरूण घालून नातवाला निजवीत असे. तिचा दुसरा पती चार्ल्स लँग्स्टन ह्याने पळून आलेल्या एका गुलामाच्या सुटकेत भाग घेतल्याबद्दल तुरुंगवास भोगला होता. त्याचा भाऊ जॉन मर्सर लँग्स्टन हा व्हर्जिनियातून अमेरिकन काँग्रेसवर निवडून आलेला पहिला कृष्णवर्णीय प्रतिनिधी होय. प्रतिकाराची ही परंपरा मुलाच्या वाट्याला आली ती इतिहासाच्या पुस्तकांतून नव्हे, तर आजीच्या गोष्टींतून. घरात दारिद्र्य होते, पण लाचारी नव्हती.

१९१५ साली आजी वारली. त्यानंतर आई आणि सावत्र वडील ह्यांच्यासमवेत तो प्रथम इलिनॉय राज्यातील लिंकन येथे व नंतर क्लीव्हलंड येथे राहिला. तेथील सेंट्रल हायस्कूलमध्ये वॉल्ट व्हिटमन, कार्ल सँडबर्ग आणि पॉल लॉरेन्स डनबार ह्यांच्या कवितेशी त्याचा परिचय झाला. १९२० साली शाळा संपवून तो वडिलांकडे मेक्सिकोस निघाला असताना, मिसिसिपी नदी ओलांडणाऱ्या आगगाडीत त्याने ‘द निग्रो स्पीक्स ऑफ रिव्हर्स’ ही कविता लिहिली. युफ्रेटिस, काँगो, नाईल आणि मिसिसिपी ह्या नद्यांच्या द्वारे आपल्या वंशाची स्मृती मानवी संस्कृतीच्या उगमापर्यंत नेणारी ही छोटी कविता डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस संपादक असलेल्या ‘द क्रायसिस’ मासिकाच्या जून १९२१ च्या अंकात प्रसिद्ध झाली. वडिलांना मुलाने अभियंता व्हावे असे वाटत होते. स्वतःच्याच लोकांविषयी त्यांच्या मनात असलेली तुच्छता मुलाला असह्य होत होती. त्यांच्या खर्चाने तो १९२१ मध्ये कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला आणि वर्षभरातच बाहेर पडला. विद्यापीठाजवळच असलेल्या हार्लेमने त्याला अधिक शिकविले.

१९२३ साली एका मालवाहू जहाजावर खलाशाची नोकरी धरून तो आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडे निघाला. जहाज न्यूयॉर्कहून सुटताच त्याने जवळची पुस्तके समुद्रात फेकून दिली, हा प्रसंग त्याच्या ‘द बिग सी’ (१९४०) ह्या आत्मचरित्राच्या आरंभी येतो. आफ्रिकेत त्याला एक अनपेक्षित धक्का बसला. ज्या भूमीला तो मातृभूमी मानून आला होता, तेथील लोकांनी त्याच्या गव्हाळ कांतीकडे पाहून त्याला काळा मानण्यास नकार दिला. अमेरिकेत काळा आणि आफ्रिकेत गोरा ठरणाऱ्या ह्या संमिश्र रक्ताच्या माणसाचे दुःख पुढे त्याच्या लेखनात वारंवार येते. ‘क्रॉस’ ही कविता, ‘म्युलॅटो’ हे नाटक, ‘फादर अँड सन’ ही कथा आणि ‘द बॅरियर’ ही संगीतिका ह्या सर्वांमागे तेच एक बीज आहे.

१९२४ साली काही महिने पॅरिसमधील एका रात्रीच्या क्लबात भांडी घासून तो अमेरिकेत परतला. १९२५ मध्ये ‘ऑपॉर्च्युनिटी’ मासिकाच्या स्पर्धेत ‘द वेअरी ब्लूज’ ह्या कवितेस पहिले पारितोषिक मिळाले. कार्ल व्हॅन व्हेक्टन ह्या गोऱ्या लेखकाच्या शिफारशीने नॉफ ह्या प्रकाशनसंस्थेने त्याच नावाचा संग्रह १९२६ मध्ये काढला. त्याच सुमारास वॉशिंग्टनच्या एका हॉटेलात तो जेवणाची ताटे उचलण्याचे काम करीत होता. तेथे उतरलेल्या व्हेचल लिंडसे ह्या प्रसिद्ध कवीच्या ताटाजवळ त्याने आपल्या कविता ठेवल्या आणि लिंडसेने त्या जाहीरपणे वाचून दाखविल्या. वृत्तपत्रांनी ह्या घटनेला पुष्कळ प्रसिद्धी दिली; वास्तविक तोपर्यंत त्याचा संग्रह छपाईच्या वाटेवर होता.

ह्यूजच्या काव्याचे वैशिष्ट्य ह्याच काळात स्पष्ट झाले. ब्लूज हा दक्षिणेतील कष्टकरी कृष्णवर्णीयांचा गीतप्रकार. पहिली ओळ, थोड्या फरकाने तिचीच पुनरावृत्ती आणि मग दोहोंना उत्तर देणारी तिसरी ओळ, अशी त्याची साधी बांधणी असते. दुःख सांगता सांगता त्या दुःखालाच हसणे हा त्याचा स्थायी स्वभाव. ह्यूजपूर्वी कृष्णवर्णीयांची बोली कवितेत येत असे, ती बहुधा विनोदासाठी किंवा करुणेसाठी. त्याने ब्लूजची रचना आणि जाझचा ताल गंभीर काव्याचे माध्यम म्हणून स्वीकारले. ह्या भूमिकेचे समर्थन त्याने जून १९२६ मध्ये ‘द नेशन’ साप्ताहिकातील ‘द निग्रो आर्टिस्ट अँड द रेशियल माउंटन’ ह्या लेखात केले. कृष्णवर्णीय कलावंताच्या वाटेतील खरा डोंगर म्हणजे गोऱ्यांसारखे होण्याची त्याच्याच मनातील ओढ, हा ह्या लेखाचा गाभा आहे. गोऱ्यांना आवडो वा न आवडो, स्वकीयांना रुचो वा न रुचो, तरुण कलावंतांनी आपले सौंदर्य आणि आपले कुरूप, दोन्ही निर्भयपणे मांडावे, असे त्याचे प्रतिपादन होते.

त्याची किंमत लगेच द्यावी लागली. १९२७ साली आलेल्या ‘फाइन क्लोद्ज टु द ज्यू’ ह्या दुसऱ्या संग्रहात हमाल, मोलकरणी, जुगारी, दारूडे आणि वेश्या ह्यांचे आवाज त्यांच्याच बोलीत होते. तारण ठेवण्यासाठी सावकाराकडे जाणाऱ्या कपड्यांवरून घेतलेले त्याचे शीर्षकही गैरसमज निर्माण करणारे ठरले आणि ही निवड चुकली असे ह्यूजलाही पुढे वाटले. कृष्णवर्णीयांच्याच वृत्तपत्रांनी पुस्तकाची निर्भर्त्सना केली. अर्ध्या शतकाच्या कष्टाने प्रतिष्ठा मिळवू पाहणाऱ्या मध्यमवर्गाला आपल्या समाजाचे हे दर्शन गोऱ्यांच्या हाती कोलीत दिल्यासारखे वाटले. ही भीती सर्वस्वी निराधार नव्हती. पण ज्यांच्यापासून हा वर्ग दूर पळत होता, तेच समाजाचे बहुसंख्य होते, ही ह्यूजची बाजू होती. पुढील समीक्षेने ह्या संग्रहास त्याच्या श्रेष्ठ पुस्तकांत स्थान दिले.

१९२९ मध्ये त्याने पेनसिल्व्हेनियातील लिंकन विद्यापीठाची पदवी घेतली. ह्या वर्षांत शार्लट मेसन नावाच्या धनाढ्य वृद्धेचा त्याला आश्रय होता. तिच्या मदतीने त्याची ‘नॉट विदाउट लाफ्टर’ (१९३०) ही कादंबरी पूर्ण झाली. परंतु कृष्णवर्णीय कलावंत आदिम आणि सहजस्फूर्त असावा, अशी तिची अपेक्षा होती. त्याने सामाजिक विषमतेवर लिहिलेले तिला खपत नसे. १९३० साली हा संबंध तुटला आणि ह्यूज काही काळ आजारी पडला. पाठोपाठ झोरा नील हर्स्टन हिच्यासमवेत लिहिलेल्या ‘म्यूल बोन’ ह्या विनोदी नाटकाच्या कर्तृत्वावरून वाद झाला. दोघांची मैत्री संपली आणि ते नाटक दोघांच्याही हयातीत रंगभूमीवर आले नाही. न्यूयॉर्कमध्ये त्याचा प्रयोग १९९१ मध्ये झाला.

आर्थिक मंदीच्या दशकात ह्यूज डावीकडे वळला. १९३१ च्या मार्च महिन्यात अलाबामात नऊ कृष्णवर्णीय तरुणांना बलात्काराच्या खोट्या आरोपाखाली अटक झाली. स्कॉट्सबरो खटला म्हणून गाजलेल्या ह्या प्रकरणावर त्याने कविता आणि ‘स्कॉट्सबरो लिमिटेड’ ही पद्यनाटिका लिहिली, तुरुंगात जाऊन त्या तरुणांची भेटही घेतली. जून १९३२ मध्ये बावीस कृष्णवर्णीय तरुण-तरुणींच्या गटाबरोबर तो एका चित्रपटासाठी मॉस्कोला गेला. चित्रपट बारगळला, ह्यूज मात्र मध्य आशियात राहिला. कापूस पिकविणाऱ्या उझबेक प्रदेशाकडे तो साहजिकच अमेरिकेच्या दक्षिणेतील कापसाच्या मळ्यांच्या संदर्भात पाहत होता. रंगावरून जागा ठरत नाही अशी ट्राम त्याला तेथे दिसली आणि तिने त्याला भारावून टाकले. अश्काबादमध्ये भेटलेला त्याचा सहप्रवासी आर्थर कोस्लर ह्याच प्रदेशातून पुढे निराळे निष्कर्ष काढणार होता. ह्यूजने त्या राजवटीची काळी बाजू पुरेशी पाहिली नाही, ही गोष्ट मान्य करावी लागते. मात्र त्याच्या मायदेशात त्या दिवसांत झुंडीकडून माणसे फासावर लटकत होती, हेही विसरून चालत नाही.

ह्याच काळातील ‘गुडबाय ख्राइस्ट’ (१९३२) ही कविता त्याला आयुष्यभर पुरली. धर्माचा व्यापार करणाऱ्यांवर ती प्रहार करते आणि ख्रिस्ताला निरोप देऊन मार्क्स व लेनिन ह्यांचे स्वागत करते. ख्रिस्ताबरोबर ज्यांना निरोप दिला आहे त्यांत पोप आणि लोकप्रिय धर्मोपदेशिका एमी मॅक्फर्सन ह्यांच्यासमवेत गांधीजींचेही नाव आहे, ही बाब भारतीय वाचकाने लक्षात घेण्याजोगी आहे. नोव्हेंबर १९४० मध्ये कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथे त्याच्या आत्मचरित्रानिमित्त आयोजित समारंभासमोर मॅक्फर्सनच्या अनुयायांनी निदर्शने केली आणि तो समारंभ रद्द झाला. एका मोठ्या खपाच्या साप्ताहिकाने परवानगीवाचून ती कविता पुन्हा छापली. तेव्हा ह्यूजने निवेदन काढून ही कविता तरुण वयातील असून आपण तिच्यापासून दूर आलो आहोत असे सांगितले. माघारीचे हे पहिले पाऊल होते. गांधीजींविषयीची त्याची दृष्टीही बदलली होती. १९४३ च्या उपोषणाच्या वेळी त्याने त्यांच्यावर सहानुभूतीची कविता लिहिली आणि भारताचा लढा व आपल्या लोकांचा लढा एकमेकांशी जोडला.

नाटककार म्हणून ह्यूजचे कार्य कवितेच्या छायेत झाकले गेले आहे. ‘म्युलॅटो’ हे त्याचे नाटक ऑक्टोबर १९३५ मध्ये ब्रॉडवेवर आले. जॉर्जियातील मळ्याचा गोरा मालक नॉरवुड, त्याच्या घरात पत्नीसारखी राहिलेली कृष्णवर्णीय कोरा आणि त्यांचा मुलगा रॉबर्ट ही त्यातील मुख्य पात्रे. पुत्र म्हणून मान्यता मागणारा रॉबर्ट संघर्षात पित्याला ठार मारतो आणि झुंडीच्या हाती पडण्यापूर्वी स्वतःचा अंत करतो. निर्मात्याने नाटकात परस्पर बलात्काराचा प्रसंग घुसवून त्याला सनसनाटी रूप दिले. लेखकाला ते मान्य नव्हते. तरीही ३७३ प्रयोग झालेले हे नाटक १९५९ पर्यंत कृष्णवर्णीय नाटककाराचे ब्रॉडवेवर सर्वाधिक चाललेले नाटक राहिले. ब्रॉडवेचा हा अनुभव घेतल्यानंतर १९३८ मध्ये त्याने ‘हार्लेम सूटकेस थिएटर’ ही संस्था काढली. एका सूटकेसमध्ये मावेल एवढेच नेपथ्य आणि साहित्य, प्रेक्षकांच्या अगदी जवळ चालणारा प्रयोग, कविता आणि गाणी ह्यांच्या साखळीतून उलगडणारा इतिहास अशी तिची कल्पना होती. ‘डोन्ट यू वॉन्ट टु बी फ्री?’ ह्या नाटकाचे तेथे १३५ प्रयोग झाले. १९६१ मधील ‘ब्लॅक नेटिव्हिटी’ ह्या नाटकात त्याने ख्रिस्तजन्माची कथा चर्चमधील गॉस्पेल गीतांतून सांगितली. ज्याच्यावर ख्रिस्तद्रोहाचा शिक्का बसला होता, त्याचेच हे नाटक आजही नाताळच्या दिवसांत अमेरिकेत आवडीने केले जाते.

१९४२ पासून ‘शिकागो डिफेंडर’ ह्या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रात तो स्तंभ लिहू लागला आणि १९४३ मध्ये त्यात जेस सिंपल हे पात्र अवतरले. हार्लेमच्या दारूच्या गुत्त्यात बसून महायुद्धापासून घरभाड्यापर्यंत सर्व विषयांवर बोलणारा हा कामकरी माणूस आणि त्याला प्रमाण भाषेत शहाणपण शिकविणारा सुशिक्षित श्रोता ह्यांच्या संवादांत ह्यूजचा विनोद परिपक्व झाला. दोन दशकांहून अधिक काळ चाललेल्या ह्या लेखनाने त्याला पुस्तके क्वचितच विकत घेणाऱ्या वाचकापर्यंत पोहोचविले. १९४७ मध्ये कुर्ट वाइलच्या ‘स्ट्रीट सीन’ ह्या संगीतिकेसाठी लिहिलेल्या पदांच्या उत्पन्नातून त्याला हार्लेममध्ये स्वतःचे घर घेता आले. तोवर त्याने वयाची पंचेचाळिशी ओलांडली होती.

मार्च १९५३ मध्ये सिनेटर जोसेफ मॅकार्थीच्या समितीने त्याला वॉशिंग्टनला पाचारण केले. परदेशांतील अमेरिकन ग्रंथालयांत त्याची पुस्तके का असावीत, हा चौकशीचा विषय होता. बंद दाराआडच्या चौकशीत त्याने आपल्या कवितांचे अर्थ शांतपणे आणि काहीशा हट्टाने समजावून सांगितले. दोन दिवसांनी झालेल्या जाहीर सुनावणीत मात्र आपल्याला एके काळी सोव्हिएत व्यवस्थेविषयी सहानुभूती होती, ती आता उरलेली नाही आणि ती जुनी पुस्तके त्या ग्रंथालयांत नसावीत, असे त्याने मान्य केले. दुसऱ्या कोणाचेही नाव त्याने घेतले नाही. पॉल रोबसनचे पारपत्र १९५० मध्येच काढून घेण्यात आले होते. वृद्ध ड्यू बॉइसवर १९५१ मध्ये खटला भरला गेला होता. ह्यूजपुढील पर्याय कोणते होते हे त्यावरून कळते. त्याचा चरितार्थ लेखन आणि व्याख्याने ह्यांवर अवलंबून होता. पाठीशी संस्था नव्हती, संपत्ती नव्हती.

माघार मात्र तेथेच थांबली नाही. १९५४ साली मुलांसाठी लिहिलेल्या थोर कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या चरित्रसंग्रहात ड्यू बॉइस नाही. ज्याच्या मासिकाने त्याची पहिली महत्त्वाची कविता छापली, त्यालाच वगळण्याची ही गोष्ट भयाच्या त्या वातावरणाचा निर्देश करते. ती समर्थनीय ठरत नाही. १९५९ मध्ये स्वतः निवडलेल्या कवितांच्या संग्रहातून तिसाव्या दशकातील क्रांतिकारक कविता जवळजवळ पूर्णपणे गळाल्या. त्या संग्रहाचे परीक्षण करताना जेम्स बाल्डविनने ह्यूजच्या प्रतिभेचे कौतुक करून, तिचे त्याने पुरेसे चीज केले नाही, असा कठोर अभिप्राय दिला.

तथापि ह्याच वर्षांत त्याच्या कवितेचे बळ ओसरले असे म्हणता येत नाही. ‘माँटाज ऑफ अ ड्रीम डिफर्ड’ (१९५१) ह्या काव्यमालेत बीबॉप संगीताच्या तुटक, अस्वस्थ लयीत हार्लेमचा एक दिवस आणि एक रात्र उभी राहते. लांबणीवर पडलेल्या स्वप्नाचे पुढे काय होते, हा तिच्यातील प्रश्न नागरी हक्कांच्या चळवळीच्या तोंडी झाला. लोरेन हॅन्सबेरीने आपल्या प्रसिद्ध नाटकाचे ‘अ रेझिन इन द सन’ (१९५९) हे शीर्षक तेथूनच घेतले. ‘द पँथर अँड द लॅश’ हा त्याचा अखेरचा संग्रह मृत्यूनंतर १९६७ मध्ये आला. अलाबामातील बसमध्ये जागा सोडण्यास नकार देणाऱ्या रोझा पार्क्स हिला तो अर्पण केला आहे. स्कॉट्सबरो खटल्याच्या दिवसांत वादळ उठविणारी ‘ख्राइस्ट इन अलाबामा’ ही कविता त्याने ह्या संग्रहात परत घेतली. १९५९ मध्ये वगळलेल्या आपल्याच आवाजाला त्याने शेवटी दार उघडून दिले, असा ह्या निवडीचा अर्थ करता येतो.

ह्यूजने आयुष्यभर इतरांसाठीही पुष्कळ केले. क्यूबाचा निकोलास गियेन, हैतीचा जाक रूमें, स्पेनचा लोर्का, चिलीची गाब्रिएला मिस्त्राल ह्यांचे त्याने इंग्रजीत अनुवाद केले. आफ्रिकी लेखकांचे संग्रह संपादित केले. लेओपोल्द सेंघोर आणि नेग्रित्यूद चळवळीतील इतर कवी त्याचे ऋण मानीत. १९६६ मध्ये डाकार येथे भरलेल्या कृष्णवर्णीय कलांच्या पहिल्या जागतिक महोत्सवात त्याचा गौरव झाला. एके काळी त्याला काळा मानण्यास नकार देणाऱ्या किनाऱ्यावर तो आता वडिलधारा कवी म्हणून उभा होता. लेरॉय जोन्स, म्हणजे पुढचा अमिरी बराका, ह्याच्या कवितांना त्याने आपल्या संग्रहात स्थान दिले. ॲलिस वॉकरची पहिली कथा त्यानेच छापली. अविवाहित राहिलेल्या ह्या माणसाने आपले खासगी जीवन इतके झाकून ठेवले की त्याविषयी चरित्रकारांत आजही मतभेद आहेत. २२ मे १९६७ रोजी न्यूयॉर्क येथे शस्त्रक्रियेनंतर त्याचा मृत्यू झाला. १९९१ मध्ये त्याच्या अस्थी हार्लेममधील शॉम्बर्ग ग्रंथालयाच्या दालनात, नद्यांच्या त्या पहिल्या कवितेवर आधारलेल्या भूमिचित्राखाली ठेवण्यात आल्या. आर्नल्ड रँपरसाड ह्याचे द्विखंड चरित्र (१९८६ व १९८८) आणि १९९४ मध्ये आलेला समग्र कवितासंग्रह ह्यांमुळे वगळलेला ह्यूज आणि स्वीकारलेला ह्यूज असे दोघेही वाचकांपुढे एकत्र आले.

भारतीय साहित्यांच्या अभ्यासकाला ह्या चरित्रात परिचयाचे पुष्कळ आढळेल. कोलंबिया विद्यापीठात ह्यूजच्या आधी काही वर्षे, १९१३ ते १९१६ ह्या काळात, डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिकत होते. १९४६ मध्ये त्यांनी ड्यू बॉइसशी पत्रव्यवहार केला. मराठीत म. ना. वानखडे आणि जनार्दन वाघमारे ह्यांनी कृष्णवर्णीय अमेरिकन साहित्याची ओळख करून दिली आणि १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दलित पँथरने अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून आपले नाव घेतले. दलित कवितेची मुळे आंबेडकरी चळवळीत आणि येथील जातिव्यवस्थेच्या अनुभवात आहेत. तिला ह्यूजच्या प्रभावातून निघालेली मानणे चुकीचे ठरेल. पण त्याच १९७२ साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ प्रसिद्ध झाला, तेव्हा वेश्यावस्तीची भाषा कवितेत यावी का, हा प्रश्न मराठीत विचारला गेला. १९२७ मध्ये हार्लेममध्ये विचारला गेलेला प्रश्न हाच होता. प्रतिष्ठा कोणाच्या नजरेतून मोजायची, ह्या प्रश्नाचे उत्तर ह्यूजने तरुणपणीच दिले होते. सत्तेपुढे उभे राहण्याच्या प्रसंगी तो डगमगला, हेही त्याच्या चरित्रात नमूद आहे. मात्र ज्यांच्यासाठी तो लिहीत होता ते हमाल, मोलकरणी आणि सिंपलसारखे कामकरी त्याच्या लेखनातून कधीच बाहेर पडले नाहीत. त्याच्यावरील तिन्ही आरोपांचा विचार करताना ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी लागते.